डॉक्टरांच्या फटफटीची टकटक

सन एकोणीसशे चोपन्न, महिना सप्टेंबर. भाद्रपद सरत आलेला आणि पाऊस ओसरलेला. त्या महिन्यापासून दसऱ्यापर्यंत भोरच्या आमच्या घरी जे काही घडले, ते मला आजवर कोणाला सलग सांगता आलेले नाही. एक सांगायला घ्यावे तर दुसरे मध्येच येऊन बसते. तरीही शक्य तितक्या क्रमाने सांगते, कारण क्रम सोडलेला मला खपत नाही.

माझे यजमान गुरांचे डॉक्टर. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक विलायती मोटारसायकल होती. घेतल्या दिवसापासून तिचे इंजिन टकटक वाजे आणि आम्हालाही त्याची सवय झाली होती. त्या सप्टेंबरात मात्र गाडी चढावर दम टाकू लागली, आणि सवयीचा आवाज एकाएकी रोगाचे लक्षण ठरला.

खरी अडचण होती भागूबाईची. मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर राहणारी ही विधवा धनगरीण. आदल्या वर्षी देवीच्या साथीत तिची निम्मी मेंढरे दगावली होती. डोंगर उतरून ती भोरला आली आणि आमच्या पायरीवर बसून म्हणाली, "डाक्टर, दसरा झाला की दुसऱ्या दिशी आमी मेंढरं घिऊन देशाकडं उतरनार. त्याच्या आदी टोचा. औंदाबी गेली तर म्या काठी घिऊन कुनाची राखन करू?"

लस बर्फातून न्यायची. पायी नेली तर वाटेतच निकामी व्हायची. तेव्हा दसऱ्यापर्यंत गाडीने चढ चढावा, एवढाच प्रश्न होता. तो सोडवायला निम्मे भोर आमच्या ओट्यावर आले.

* * *

पहिले आले आबासाहेब, निवृत्त फौजदार. त्यांनी इंजिनासमोर खुर्ची मांडून घेतली, डॉक्टरांना गाडी सुरू करायला लावली आणि एकेका भागावर छडी रोखून चौकशी आरंभली.

"हा कोण?"

"कार्ब्युरेटर."

"काल कुठे होता?"

"आबासाहेब, तो जागचा हलत नाही."

"तसे सगळेच सांगतात."

बराच वेळ ऐकून त्यांनी निष्कर्ष काढला की आवाज बाहेर पडतो तो सायलेन्सरमधून. सबब त्याला प्रथम ताब्यात घ्यावे. सायलेन्सर काढला. त्यानंतर असा काही गडगडाट सुरू झाला, की समोरच्या घरातले तान्हे मूल दचकून रडू लागले. आबासाहेब समाधानाने उठले.

"टकटक ऐकू येते का?"

"नाही," डॉक्टर ओरडून म्हणाले.

"तपास संपला," असे म्हणून ते जेवायला गेले.

* * *

दुसरे गुरवमास्तर. हे तबला शिकवत. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "डॉक्टर, हिची सम चुकते आहे. व्हॉल्व्ह उघडायचा तेव्हा उघडत नाही, मिटायचा तेव्हा मिटत नाही."

ओट्यावर हशा पिकला. निदान अगदी अचूक होते, हे पुढे सिद्ध झाले. पण तबलजीकडून इंजिनाचे निदान स्वीकारण्याची आमच्या गावाची तयारी नव्हती. मास्तरांनीही आग्रह धरला नाही. ते गुडघ्यावर बोटे वाजवत त्या चुकलेल्या समेत रंगून गेले. पेट्रोल जळते आहे म्हणून डॉक्टरांनी गाडी बंद केली, तेव्हा मास्तरांनी दुखावल्या नजरेने वर पाहिले.

"आत्ता कुठे लय लागत होती."

* * *

शेवटी कापूरहोळहून तात्या मिस्त्रींना बोलावणे धाडले. हे ट्रक दुरुस्त करीत आणि मोटारसायकलला कमी लेखत. "ट्रकला सहा शिलिंडर, हिला येक. सहावा हिस्सा काम," असे म्हणतच ते एस.टी.तून उतरले.

त्यांचे म्हणणे असे, की व्हॉल्व्हला ढकलणारा जो टॅपेट असतो, त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधली फट वाढली आहे. ती मापायला त्यांनी कागद मागितला आणि मी देण्यापूर्वीच खिडकीतले पोस्टकार्ड उचलले.

"तात्या, ते माझ्या बहिणीचे आहे."

"मजकूर वाचून झालाय न्हवं, वैनी? मंग आता जाडी तेवढी ऱ्हायली."

फट मापायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, हे तात्यांनीच सांगितले. परंतु दर घटकेला कोणीतरी नवा जाणकार येई. त्याला आवाज ऐकवण्यासाठी गाडी सुरू करावी लागे. मग ती निवेपर्यंत त्याला चहा द्यावा लागे. चहा संपेस्तोवर दुसरा येई. पाहुणे थांबेनात आणि इंजिन निवेना. तिसऱ्या प्रहरी मी फाटकाला कुलूप घातले. बाहेरून एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, नुसता फाटकातून ऐकतो."

* * *

फट बरोबर केली तरी टकटक उरलीच. तेव्हा तात्यांनी अष्टमीला इंजिन पूर्ण उघडले. व्हॉल्व्ह हलवणारा कॅम एका दातेरी चाकावर असतो. त्या चाकाचा एक ठरावीक दात दुसऱ्या चाकाच्या ठरावीक दाताशी जुळवायचा असतो. मूळच्या खुणा झिजल्या होत्या. तात्यांनी नीट हिशेब करून दोन दात नक्की केले आणि खुणेसाठी रंग मागितला. घरात रंग नव्हता. मी तेलात कालवून कुंकू दिले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या सासूबाईंनी सोवळ्यात पाट मांडला; विळी, कोयता, डॉक्टरांच्या सुया आणि दोन्ही दातेरी चाके त्यावर ठेवून यथासांग पूजा केली. तात्या आले तो प्रत्येक दाताला हळद, प्रत्येक दाताला कुंकू आणि मधोमध झेंडूचे फूल.

तात्यांनी फूल उचलून बाजूला ठेवले. "आजी, दोनच दातांना लावलं व्हतं म्या."

"म्हणूनच मी बाकीच्यांना लावले," सासूबाई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी असा पंक्तिप्रपंच आमच्या घरात होत नाही."

* * *

तो हिशेब पुन्हा जमेना, तेव्हा तात्यांनी अंदाजाने चाके जोडली आणि किक मारली. गाडीने उलट लाथ मारली. तात्या लंगडत ओट्यावर चढले आणि पाय चोळू लागले. दसरा उद्यावर आला होता, आणि डॉक्टर बर्फाच्या पेटीकडे पाहत उभे होते.

अखेर तात्या म्हणाले, "पिस्टन नेमका वर कवा येतो, त्ये कळाया पायजे. तवा येक व्हॉल्व्ह मिटत आन् दुसरा उघडत असला, की जुळलं. पर आत बघायचं कशानं?"

प्लगच्या भोकातून आत सोडायला खराट्याची काडी आणली, ती वाकली. मी माझी विणकामाची पोलादी सुई दिली. आत पडली तर ओढता यावी म्हणून सुईला धागा बांधावा, ही माझी अट होती. तात्या हळूहळू चाक फिरवू लागले, सुई वर चढू लागली. सुई थांबली, तशी चाके जुळवली. इंजिन झाकून, सायलेन्सर पुन्हा बसवून त्यांनी दुखऱ्या पायानेच किक मारली.

टकटक नव्हती. सासूबाई आतून म्हणाल्या, "पूजा पावली."

* * *

दसऱ्याला सकाळी डॉक्टर निघाले. गाडी मार्गासनीवरून वाडीपर्यंत एका दमात चढली. पेटीतला बर्फ शाबूत. वाडीवर पाहतात तो एकही मेंढरू नाही. मेंढरे कोंडायची वाडगी रिकामी, लेंड्या ताज्या. बऱ्याच हाका मारल्यावर करवंदीच्या जाळीमागून भागूबाई बाहेर आली.

"तुमी हाय व्हय?"

"भागूबाई, मेंढरं कुठायत?"

"रानात दडीवली. फटफटी आली, पर टकटक न्हाई. तवा म्हटलं जंगलाचा सायेब आला. त्येची गाडी अशीच गुमान येती, आन् राखीव रानात चारली म्हनून त्यो धरतो."

"मग आता बोलवा त्यांना."

"दीर लई लांब पिटाळून घिऊन गेलाय. माजी हाक न्हाई पोचायची तितवर, तुमची टकटक पोचली असती." मग गाडीकडे पाहून ती म्हणाली, "येवढं शिकलासा, आन् चांगलं वाजत व्हतं त्ये बंद केलंत?"

बर्फ वितळत होता. डॉक्टरांनी पाना काढला आणि गाडीशेजारी बसले.

संध्याकाळी आबासाहेब, गुरवमास्तर आणि तात्या आपट्याची पाने घेऊन ओट्यावर वाट पाहत होते. नदीपलीकडून टकटक ऐकू आली. मास्तरांची बोटे आपोआप गुडघ्यावर पडू लागली. तात्यांचा चेहरा उतरला.

गाडी फाटकात थांबली. मी आधी विचारले, "टोचली?"

"एकूण एक. उद्या पहाटे उतरणार आहेत."

तात्या उभे राहिले. "डाक्टर, म्या फट बरोबर ठिवली व्हती."

"बरोबरच होती, तात्या. मी सैल केली."

"का पन?"

डॉक्टरांनी कोट खुंटीला अडकवला.

"रोग्यांना ओळख पटेना."