दोन बोटं जास्त

मी पाथरीत शिंपीकाम करतो. तीसेक वर्षं झाली असतील. दिवसातून पंचवीसदा तरी माझ्या तोंडी एकच वाक्य असतं, "सरळ उभं राहा." टेप हातात घेतला की माणसाला काय होतं कोण जाणे. कुणी पोट आत ओढतो, कुणी खांदे उचलतो, कुणी मान खाली घालून टेपवरचे आकडेच बघत बसतो. मग मी ओरडतो. बायको घरातून ऐकत असते. ती म्हणते, "दुनियेला सरळ करायलात, तुमची पाठ आधी बघा." मशीनवर वाकून वाकून माझ्या पाठीची कमान झालेली आहे, ते खरंच आहे.

तर असा हा मी. आणि ह्याच तोंडाने मी माझ्या नातीला वाकायला शिकवलं.

नात तेव्हा साडेचार वर्षांची होती, नातू दीडचा. मुलगा पुण्यात कंपनीत. सून आणि मुलं आमच्याजवळ. मुलाने एकदा मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. हैदराबादकडच्या एका मोठ्या बागेतली लहान लाल आगगाडी. ती एका खोट्या डोंगरावर चढते, बोगद्यात शिरते आणि पलीकडून बाहेर येते तेव्हा आतली पोरं हात वर करून ओरडतात. मुलगा म्हणाला होता, "सुट्टी मिळाली की तुला ह्यात बसवतो." नातीने तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला, की बोगद्यातून बाहेर येणाऱ्या पोरांमधला कोण रडतो हेही तिला पाठ झालं. गाडीचं नाव तिनेच ठेवलं, पप्पाची गाडी.

मुलाला सुट्टी काही मिळेना. पोरगी रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर. "आबा, पप्पाची गाडी कधी?" गणवेशाचा हंगाम सुरू झाला की मला मान वर करायला सवड नसते. म्हणून एप्रिल संपायच्या आत मीच म्हणालो, चला, मी नेतो.

आमचं एक गिऱ्हाईक तिथे जाऊन आलेलं होतं. त्याने सांगितलं, "फाटकावर एक अस्वल रंगवलेलं हाय. त्यानं हात आडवा धरलाय. हाताखालून जे पोर जाईल त्याला तिकीट न्हाई."

"किती उंच हाय हात?"

त्याने माझ्या टेबलाशी हात आडवा धरला. मी लगेच टेप लावला. मग नातीला बोलावून तिची उंची घेतली. दोन बोटं जास्त.

इथे एखादा बरा माणूस म्हणाला असता, काढू तिकीट. परवडत नव्हतं असंही नाही. पण आमच्या घरात ही चाल जुनी आहे. मी स्वतः सात वर्षांचा होईपर्यंत एसटीत चार वर्षांचा होतो. कंडक्टर आला की वडील माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच दाबायचे. पुढे माझ्या मुलाच्या डोक्यावर माझा हात आला. आता नातीची पाळी होती एवढंच.

दुकानाच्या चौकटीवर मी खडूने रेघ मारली. नातीला खेळ शिकवला, त्याचं नाव कासव. 'कासव' म्हटलं की गुडघे मोडायचे, मान खांद्यात ओढायची आणि तोंड असं करायचं, जणू काही झालंच नाही. दोन दिवसांत पोरगी तयार झाली. पण मोडलेले गुडघे दिसायचे. मग मी माझी कला पणाला लावली. पायघोळ झगा शिवला, गुलाबी, खाली घेर दिलेला. आत गुडघे कुठे आहेत ते देवालाही कळलं नसतं.

"आणि सरळ उभी राहिले तर?" तिने विचारलं.

"तर ते आत घेत न्हाईत. हाकलून देतात," मी म्हणालो. तोंडात टाचण्या धरून म्हणालो, हेही आठवतं.

सून दारातून बघत होती. ती मला मामा म्हणते. म्हणाली, "मामा, तिकीट काढून टाकू की. कशाला?"

"अगं, खेळ हाय नुसता."

मानवत रोडला रेल्वेत बसलो, सकाळी सिकंदराबादला उतरलो. तिथून बागेपर्यंत दोन रिक्षा बदलल्या. फाटकावर पहिला दणका बायकोला बसला. पिशवीत पंधरा-वीस धपाटे, दह्याचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी. पहारेकरी म्हणाला, "खाना अंदर नहीं चलता, अम्मा." बायको म्हणाली, "नसंल चालत तर इथंच संपवू." आणि खरोखर आम्ही सगळ्यांनी, दीड वर्षाच्या नातवासकट, भिंतीच्या कडेला उभ्याउभ्या ते सगळे धपाटे संपवले. पहारेकऱ्यालाही दोन दिले.

मग अस्वल. गिऱ्हाइकाने सांगितलं होतं तसंच, हात आडवा. मी नुसतं खाकरलो. नात झग्यात बुडाली. मान खांद्यात, तोंड निर्विकार. अस्वलाच्या हाताखालून ती अशी गेली की मला तिचा अभिमान वाटला. तिकीट काढलेल्यांना मनगटावर लाल पट्टी, फुकट पोरांना पिवळी. तिने पिवळी पट्टी उंच धरून मला दाखवली, बक्षीस मिळाल्यासारखी.

पहिला तास बरा गेला. नातवाला अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस दिसला, तो जो रडला, तो थेट पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी शांत झाला. त्याच्यापुरती बाग म्हणजे तो नळ. सून त्याच्यापाशी बसली. बायकोने सावली धरली. नात माझ्या बोटाला ओढत होती. मधे हत्ती, घोडे, फिरत्या कपबशा, कशाकडे बघितलं नाही. तिला गाडीचा आवाज ऐकू आला होता.

पप्पाची गाडी व्हिडिओत होती तशीच होती, लाल. रांगेत तासभर गेला, तरी ती हूं की चूं करेना. आमचा नंबर आला. गाडीवर एक मुलगी होती, वीसेक वर्षांची, डोक्यावर टोपी. तिच्या शेजारी लाकडी अस्वल उभं होतं. हात तसाच आडवा.

नात पळत पुढे गेली, अस्वल पाहिलं आणि जागच्या जागी कासव झाली.

मी तिला काही म्हणालो नव्हतो. साधा खाकरलोही नव्हतो. अस्वलाच्या हाताखाली ती मान आत ओढून उभी होती आणि डोळे वर करून माझ्याकडे बघत होती, बरोबर केलं ना, अशा नजरेने.

ती मुलगी म्हणाली, "छोटी है चाचा. हात के ऊपर होना. अगले साल लाना."

तेव्हा मला कळलं. फाटकावर हाताखालून जायचं होतं, इथे हाताच्या वर असावं लागत होतं. रेघ तीच. मी अर्धंच विचारून आलो होतो.

"सरळ हो," मी म्हणालो. "सरळ उभी राहा, बेटा."

ती अजून थोडी खाली गेली.

त्या मुलीने तिचं मनगट पाहिलं. "पीला पट्टा है. इस गाडी में लाल होना." मग मागच्या रांगेला हात केला. मी नातीला आजीपाशी बसवलं आणि उन्हातून फाटकाकडे निघालो. सून म्हणाली, "मी जाते, मामा." मी म्हणालो, नको. हे काम माझंच होतं.

तिकीटखिडकीवरच्या माणसाला म्हणालो, "बच्ची का टिकट होना."

"अंदर है बच्ची? पीला पट्टा बांधे थे?"

"हौ."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दो घंटे में बढ गई क्या, चाचा?"

मी म्हणालो, "हौ." त्या दिवसाचं दुसरं खोटं. त्याने हसत हसत लाल पट्टी दिली. मागे उभी असलेली माणसंही हसली. त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

परत येऊन नातीच्या मनगटावर लाल पट्टी बांधली. पुन्हा रांग, पुन्हा ती टोपीवाली मुलगी, पुन्हा अस्वल. आणि नात पुन्हा खाली.

"आता सरळ व्हायचं. कासव संपलं," मी सांगितलं.

तिने नाही अशी मान हलवली. डोळे भरले होते, पण रडत नव्हती. हळूच, त्या मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून, मला म्हणाली, "सरळ उभी राहिले तर हाकलून देतील. तुमीच म्हणलात."

मी तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढायला गेलो. तिने पाय पोटाशी घेतले. मी तिला हवेत धरलेलं, खाली झगा लोंबतोय आणि आत पाय नाहीत. टोपीवाली मुलगी म्हणाली, "छोडो चाचा, बच्ची डर रही." मागून कुणी तरी म्हणालं, चलो जल्दी. मी बाजूला झालो.

आम्ही कठड्यापाशी उभं राहून गाडी पाहिली. डोंगरावर चढली, बोगद्यात गेली, बाहेर आली. पोरांनी हात वर केले. नातीने त्यांना हात हलवला. बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने नातीच्या झग्याला लागलेली धूळ झटकली. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "बसलीस का पप्पाच्या गाडीत?"

"न्हाई," नात म्हणाली. "पण पप्पा, मी लय भारी कासव केलं. कुणालाच कळलं न्हाई."

कासव म्हणजे काय, ते सुनेने सांगितलं.  मुलगा हसून मला म्हणाला, "अण्णा, कंपनीच्या मेडिकलला उंची घेतली ना माझी, तवा मीबी आपोआप गुडघे मोडले होते. दोन बोटं कमीच लिवलीय तिथं."

तो हसला म्हणून सगळे हसले. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं, कापसाची रिकामी रानं.

जूनमध्ये तिला बालवाडीत घातलं. गावातल्या निम्म्या पोरांचे गणवेश मी शिवतो, तेव्हा तिचा कुणी शिवायचा? पण टेप हातात घेतला की ती बसकी व्हायची. मी ओरडलो नाही. म्हटलं, "राहू दे." असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दुपारी ती दुकानात कापायच्या टेबलावर झोपली, कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून, पाय लांब सोडून. मशीन थांबवलं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत टेप लावला, मग डोक्यापासून टाचेपर्यंत. झोपेत ती पुरी उंच होती. अस्वलाच्या हातापेक्षा आता दोन नाही, अडीच बोटं जास्त होती.

वाढत्या अंगाचा शिवायचा म्हणून लोक मला खाली घडी मारायला लावतात. मी घडी मारली नाही. झोपेत निघालं त्याच मापाने कापला.

पहिल्या दिवशी मीच शाळेत घेऊन गेलो. प्रार्थनेला बाई पोरांना उंचीने उभं करत होत्या, बुटकी पुढे, उंच मागे. बाई समोर आल्या, डोक्यावर हात धरला आणि माझी नात गेली खाली. बाईंनी तिला सगळ्यांत पुढे उभं केलं.

शेजारी माझंच एक गिऱ्हाईक उभं होतं, आपल्या पोराला सोडायला आलेली बाई. म्हणाली, "काय ओ, नातीचाच फ्रॉक लांब झाला की! वाढत्या अंगाचा शिवला व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो. "मापाचाच हाय."

प्रार्थना सुरू झाली. फ्रॉकची कड तिच्या मोडलेल्या गुडघ्यांखाली लोंबत होती. तिने मान वळवून फाटकाकडे पाहिलं, आबा गेले का ते बघायला. मी गेलो नव्हतो. पाठीत कळ आली, तरी जमेल तेवढा सरळ उभा राहिलो.