शकुनाचा नंबर

केशोरीचा श्यामलाल आपली जुनी गाडी भाड्यानं चालवायचा. गाडीत ब्लूटूथ नव्हतं, म्हणून लायटरच्या भोकात त्यानं एफएम ट्रान्समीटर बसवला होता. त्यावर आणि रेडिओवर स्टेशनचा एकच नंबर लावला की फोनचा आवाज रेडिओतून येई. गाडीच्या पूजेला बायकोनं, वच्छलानं, शकुनाचा म्हणून एकशे एक लावायला सांगितला आणि रेडिओला कुंकू लावलं. तेव्हापासून तो नंबर कोणी हलवला नव्हता. गोंदियाजवळ खरखर व्हायची, गिऱ्हाईकं कुरकुरायची. श्यामलाल नुसता हसायचा.

त्या दुपारी मागच्या सीटवर वच्छलाच्या मांडीवर डोकं ठेवून सून गुंजन कळा सोसत होती. बाळ आडवं होतं, अर्जुनीच्या डॉक्टरनं गोंदियाला न्यायला सांगितलं होतं. श्यामलालची चुलत बहीण नंदाबाई तिथं नर्स. कुठं न्यायचं ते तीच फोनवर सांगणार होती. श्यामलालचा फोन भाताच्या रोवणीच्या चिखलात पडल्यापासून मुका झाला होता. आवाज निघे तो फक्त रेडिओतून. बाकीचे फोन घाईत घरीच राहिले होते.

शहर जवळ आलं आणि फोन आला.

"दादा, मोठ्या दवाखान्यात नको जाऊ, तिथं भुलीचा डॉक्टर..."

पुढं एकदम ढोलक आणि साबणाची जाहिरात.

"नंदा, मंग कुठं जाऊ?"

"...च्या बाजूले..." पुन्हा ढोलक. त्यानं आवाज वाढवला, तर जाहिरातच मोठी झाली. एकशे एकवर शहराचं स्टेशन येऊन बसलं होतं.

त्याचा हात ट्रान्समीटरकडे गेला.

"अजी, नंबर नका हलवू! आज तरी नका." वच्छला मागून ओरडली.

"मंग का साबण ऐकत बसू?"

"पोरीच्या जिवाचा वखत आहे जी!"

"म्हणूनच त हलवून राहिलो."

गाडी कडेला लावून त्यानं ट्रान्समीटरवर स्टेशन नसलेला अठ्ठ्याऐंशी आणला. मग रेडिओवर. घामानं बोट सटकलं, नंबर पुढं पळाला. त्यानं मागं आणला. जाहिरात थांबली. गुंजनचं कण्हणंही थांबलं होतं. वच्छला तिचे गाल थोपटू लागली.

"दादा! ऐकून राहिला का?" नंदाबाई जणू शेजारीच बसली होती. "पुलावर चढू नको. पुलाच्या आधी डावीकडं, नवा दवाखाना. मी दारातच उभी आहे स्ट्रेचर घेऊन."

त्यानं गाडी पिटाळली.

अंधार पडायच्या आत वच्छला बाहेर आली. श्यामलाल गाडीतच बसला होता. आत जायचा त्याला धीर झाला नव्हता.

"नात झाली. गुंजन बोलून राहिली."

त्यानं गाडीचं दार उघडलं. वच्छला वाकून रेडिओकडे बघू लागली.

"कोणता नंबर हा?"

"अठ्ठ्याऐंशी."

तिनं स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि रेडिओला लावलं.

"आता हा नका हलवू," ती म्हणाली.