वाकायचं बंद

"व्हय मॅडम, सांगते सगळ्यांना. यंदापासनं बायकांनी वाकून भातलावणी करायची न्हाई. आन तरीबी जी वाकंल, तिचं नाव…"

एवढंच माझ्या कानावर आलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघरीत बुडालं. फोनवर बोलत होती आमच्या गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई, सुनंदा. मी पिठाचा डबा तसाच टाकून बाहेर आले, तोवर ती स्कूटीवर बसून गेलीसुद्धा.

नाव काय? काढणार? कशातून काढणार?

मी फक्त शेजारच्या पारूला सांगितलं, आणि तेही एवढंच, की नाव काढणार असं वाटतंय. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कासार आंबोलीत रेशनकार्डातून नाव उडणार असं झालं. यात माझा काही दोष नाही.

पारू ओट्यावर पाय लांब करून बसली होती. ऐकून तिचा चेहराच उतरला. कारण पौडच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच तिचा एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं होतं, "झिजेचा संधिवात आहे. दोन्ही गुडघ्यांतली गादी गेलीय. यंदा चिखलात वाकलात तर पुढच्या वर्षी काठी घ्यावी लागेल."

पण आमच्याकडं लावणी इर्जिकीवर होते. आज सगळ्या जणी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. जी दुसरीच्या खाचरात वाकली नाही, तिच्या खाचरात कुणी कशाला वाकेल? आणि पारूचं वर्षाचं खाणं त्या उतारावरच्या एका खाचरात.

"डागदर म्हनतो वाकू नगं, आता सरकार म्हनतंय वाकू नगं," पारू म्हणाली. "मंगलवयनी, मग माज्या खाचरात रोपं कोन लावनार? सुनंदाची मॅडम?"

खरं सांगते, आमच्या आळीत दोघी भेटल्या की 'जेवलीस का' असं कुणी विचारत नाही. "गुडघं काय म्हनत्यात?" असंच विचारतात. एकीचं ऐकून दुसरीला आपलं आठवतं, दुसरीचं ऐकून तिसरीला. असे किस्से साठून राहिलेत माझ्याकडं. हसू येतं, आणि हसून झाल्यावर अंगावर काटा येतो.

* * *

गेल्या वर्षी गावात सांधेदुखीचं मोफत शिबिर झालं. कुठं? ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. सव्वीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला.

पारू आणि तिच्यासारख्या दहा-अकरा जणी खाली चिंचेखाली बसून राहिल्या. माझे गुडघे अजून शाबूत आहेत, म्हणून मी वर गेले. वर कोण? दोन शिक्षक, तालमीतली पोरं आणि माझ्यासारख्या चौकशा करायला आलेल्या चार-दोन जणी.

डॉक्टर खूश होते. "या गावात गुडघ्यांचा त्रास फारसा दिसत नाही हो."

मी म्हटलं, "डॉक्टर, तरास खाली बसलाय."

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "त्यांना वर पाठवा ना."

* * *

पारूला घरामागं योजनेतला संडास मिळाला, तेव्हा आळीत पेढे वाटले होते तिनं. पण भांडं खाली, उकिडवं बसायचं. एक दिवस ती बसली आणि उठताच येईना. आतून कडी. अर्धा तास हाका मारत होती. शेवटी तिच्या मालकांनी, नामदेवभावजींनी, दार बिजागरीतून काढलं आणि मी आत जाऊन तिला काखेत धरून उभी केली. बाहेर येऊन दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी भावजींनी प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या मधोमध भोक पाडलं आणि ती भांड्यावर ठेवली. खुर्ची कुठली, तर गेल्या ग्रामसभेला पारूला खाली बसता येईना म्हणून दिलेली आणि मग घरीच राहिलेली. पाठीवर लाल रंगात लिहिलेलं, 'ग्रामपंचायत'.

नेमके त्याच महिन्यात आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब संडासांची तपासणी करत आले. दार उघडलं आणि बघतच राहिले.

"अहो, ही तर आमची खुर्ची!"

पारू शांतपणे म्हणाली, "भाऊसाहेब, संडास तुमी दिला. बसायचं कसं त्ये आमी बघितलं."

भाऊसाहेबांनी दार हळूच लावलं आणि कागदावर 'वापरात आहे' असं लिहिलं.

* * *

आता हा किस्सा माझ्याच घरचा. बाजारात एक माणूस गुडघ्यांच्या पुड्या विकायचा. जडीबुटी म्हणायचा. माझ्या सासूबाईंनी आठवडाभर खाल्ल्या आणि त्या चक्क चालत देवळात जाऊन आल्या! सगळं गाव बघायला आलं. चार महिन्यांत त्यांचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. मी अभिमानानं सांगत फिरायचे, आत्याबाईंची तब्येत सुधारली म्हणून.

एक दिवस त्या चक्कर येऊन पडल्या. साखर चारशेच्या वर. दवाखान्यात पुडी बघून डॉक्टर मलाच ओरडले, "जडीबुटी कसली? यात स्टेरॉइड असणार. आणि हे एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं. कुणी दिलं हे?"

आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "डागदर, तिला नगा बोलू. गुडघं बरं हायेत माजं. बाकी मी बिघडले."

माझ्या डोळ्यांपुढं मात्र पारू आली. तिलाही तीच पुडी आणून द्यायचं मी आदल्याच दिवशी कबूल केलं होतं.

* * *

पारू रस्त्याकडच्या एका बंगल्यात लादी पुसायला जाते. शनिवार-रविवारी येणाऱ्या तिथल्या मॅडमना तिनं एकदा लांब दांड्याचा पोछा मागितला.

मॅडम म्हणाल्या, "अगं पारू, बसून पुसणं किती चांगलं असतं! आम्ही तेच करायला क्लासला जातो."

"मग मॅडम," पारू म्हणाली, "क्लास हितंच घ्या. लादी हायेच."

तिसऱ्या दिवशी पोछा आला.

* * *

तर, ती गिरणीतली बातमी.

ग्रामसभेत खरा प्रकार कळला. बायकांचे गुडघे-कंबरा वाचाव्यात म्हणून लावणीचं यंत्र येणार होतं. ज्यांना सांध्यांचा त्रास, त्यांच्या खाचरात आधी. आणि सुनंदानं फोनवरचं आपलं अर्धं वाक्य पुरं केलं, "तरीबी जी वाकंल, तिचं नाव लिहून घेते, गुडघं तपासायला पाठवते. रेशनकार्डाचं कुनी काढलं मधीच?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर सारखा केला.

पारूनं विचारलं, "माजं खाचर कितवं?"

भाऊसाहेबांनी यादी वरून खाली, खालून वर पाहिली. पारूचं नावच नव्हतं. यादी केली होती शिबिरातल्या कागदांवरून. जे सव्वीस पायऱ्या चढले, त्यांची.

भांडून नाव घातलं, सुनंदानंच घातलं. पण यंत्र आलं ते रस्त्याकडच्या सपाट खाचरांतच चाललं. पारूच्या उतारावर ते चढेना. पहिल्याच बांधाला तिरकं झालं आणि आम्ही सहा जणींनी वाकून, ढकलून ते बाहेर काढलं.

पारू बांधावर उभी राहून बघत होती. मग नामदेवभावजींना म्हणाली, "खुर्ची आना."

"कंची?"

"आपल्यात हाय किती?"

भावजींनी खुर्ची धुतली, पायांखाली दोन फळ्या बांधल्या, चिखलात रुतू नये म्हणून. लावणी मागं मागं सरकतच करायची असते. पारू खुर्चीत बसून पुढं रोपं लावायची आणि सुनंदा खुर्ची मागं ओढायची. पाच जणींच्या रांगेत सहावी खुर्ची. दुसऱ्या दिवशी दुसरीच्या खाचरात, तिसऱ्या दिवशी माझ्या. पारूनं इर्जिकीतली एकही पाळी चुकवली नाही, आणि तिचं खाचर पार कोपऱ्यापर्यंत लागलं. गावात यंदापासून वाकायचं बंद म्हणत होते, ते एका बाईपुरतं तरी खरं झालं.

चौथ्या दिवशी यंत्राची पाहणी करायला तालुक्याचे साहेब आले. यंत्र दुरुस्तीला गेलेलं. भाऊसाहेब त्यांना वर, आमच्याकडं घेऊन आले. साहेब खुर्चीभोवती दोनदा फिरले. पाठीवरचं 'ग्रामपंचायत' वाचलं. भाऊसाहेबांची पाठ थोपटली, फोटो काढले. मग खाली वाकून म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण हे मधोमध भोक कशासाठी?"

आम्ही सगळ्या जणी चिखलात पाहायला लागलो. पारूनं भाऊसाहेबांकडं पाहिलं.

भाऊसाहेब म्हणाले, "पाणी निचरायला, साहेब."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.