ओठांना न लागता

सबंध सदाशिव पेठेत आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका फळांचा वेडा आणि फळांना भिणारा माणूस दुसरा नसेल. त्यांचे ओठ कायम सुजलेले आणि चिरलेले असत. आंबट फळं बंद आणि आंब्याचा चीक ओठांना लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी फळंच सोडली असती. काकांनी खाण्याची पद्धत बदलली. हापूस ते देठ काढून बराच वेळ पाण्यात बुडवून ठेवत, साल जाड उतरवत, सालीलगतचा गरही सोडून देत आणि मग पेराएवढ्या फोडी करत. ओठांना साजूक तूप लावायचं, मान मागे टाकायची, तोंड हे एवढं उघडायचं आणि लांब दांड्याच्या चमच्याने फोड थेट जिभेवर ठेवायची. हा चमचा लग्नाच्या पंगतीतही त्यांच्या खिशातून निघे. एकदा शेजारच्या पाहुण्याने विचारलं, "औषध घेताय का?" काका म्हणाले, "फ्रूट सॅलड. आपलं चालू द्या." द्राक्षं तर ते एकेक सोलून खात. काकू हसून म्हणत, "अहो, तुमचं द्राक्ष होईपर्यंत माझा स्वयंपाक होतो."

मग काकूंना कॅन्सर झाला. उपचारांनी त्यांचं तोंड आलं, ओठ सुजून फुटले. पाण्याचा घोट घेतला तरी डोळे भरून यायचे. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा डबा तसाच पडला होता आणि काकूंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. काकांनी नर्सला विचारून पिकलेली पपई आणली होती. हात धुऊन त्यांनी तिच्या बारीक फोडी केल्या, खिशातून चमचा काढला. "तोंड उघड. ओठांना लागणार नाही, माझ्यावर सोड."

काकूंनी भीत भीत तोंड उघडलं. फोड जिभेवर गेली.

"झोंबलं?"

काकूंनी मानेनेच नाही म्हटलं. फोड गिळून झाल्यावर म्हणाल्या, "एवढी वर्षं मी तुम्हाला हसले."

"हसण्यासारखंच होतं ते. घे, पुढची."

पुढे काकू जे काही खात, ते काकांच्याच हातचं. पपई झाली, चिकू झाला, कलिंगड झालं. काकूंना मात्र संत्रं हवं होतं. काका रोज म्हणत, "तोंड बरं होऊ दे, मग देतो." तोंड बरं व्हायच्या आत काकू गेल्या.

त्या हिवाळ्यात काका मला मंडईत भेटले. हातात संत्र्यांची पिशवी होती. मी काही विचारलं नव्हतं, तरी चालता चालता म्हणाले, "एक फोड दिली असती तर काय, फार तर झोंबलं असतं." आम्ही बरोबरच घरी आलो. आपल्या दारापाशी ते थांबले, कुलपाकडे पाहिलं आणि माझ्यामागून आमच्याकडेच वर आले. पिशवी त्यांनी माझ्या बायकोपुढे ठेवली. "तुम्ही दोघं खा. मी नुसता बसतो."

तिने संत्री सोलली. खोलीभर वास पसरला. आम्ही एकेक फोड तोंडात टाकत होतो आणि काका आमच्याकडे बघत होते.

"गोड निघाली का?" त्यांनी विचारलं.

चांगलीच आंबट होती. आम्ही दोघांनीही हो म्हटलं.