चिंचोक्यांची उधारी

"ह्याचं आणखी काय होईल?" हे बाईंचं नेहमीचं वाक्य. ते आधी लिहून ठेवलं, आता माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर वाकडं. कुणी वाचलंच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

बाई मूळच्या कवठे महांकाळच्या. साठ सालानंतर कोरेगावात बालवाडी निघाली, तिथं शिकवायला आल्या आणि आमच्या समोरच्या खोलीत राहिल्या. हातात काही आलं की ते उलटंपालटं करायच्या. एकदा आमचं सूप डोक्यावर धरून पोरांना म्हणाल्या, "ह्याचं आणखी काय होईल?" कुणी छत्री म्हणालं, कुणी हत्तीचा कान.

माझी सुमी तेवढी गप्प. चौथं वर्ष लागलं तरी 'आय' आणि 'दे' यापलीकडे शब्द नाही. सासूबाई म्हणायच्या, "आयच बोलंना, लेक काय बोलणार?" मी चुलीकडे तोंड करून डोळे पुसायची.

बाईंनी आमच्या ओट्यावर दुकान मांडलं. खडे म्हणजे गूळ, चिंचोके म्हणजे रुपये, दुकानदार सुमी. एक दिवस बाई गूळ उचलून तशाच निघाल्या.

"पैसं!" सुमी ओरडली.

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडीच पडली.

"उद्या देते गं," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाई मुद्दाम उधारी वाढवत गेल्या, तशी सुमीची वाक्यंही लांबली.

"काल म्हणला हुता, उद्या देते. द्या की आता!"

बाईंनी वडाचं पान पुढं केलं. "घे ही नोट."

"नोट न्हाई, पान हाय."

"बरं, ह्याचं आणखी काय होईल?"

सुमीनं पान उलटंपालटं केलं, अगदी बाईंसारखंच. "नोटच हाय. पर फाटकी हाय. दुसरी द्या."

सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. "बया! माझ्यावर गेली की!"

पुढं बाईंची बदली सांगलीकडे झाली. एसटीत चढण्याआधी त्यांनी पदराची गाठ सोडली आणि सगळे चिंचोके सुमीच्या परकराच्या ओच्यात ओतले.

"नगंत मला. उधारीच ऱ्हाऊ द्या."

"का गं?"

"मग मी मागू कुणाकडं?"

बाईंनी तिचा ओचा नीट खोचून दिला आणि गाडीत चढल्या. गाडी हलली तशी सुमी मागं धावली. "बाई, एक कमी हाय! परत या!"

घरी आल्यावर मी चिंचोके मोजले. भाकऱ्या थापता थापता मी रोजची उधारी मनात मोजतच आले होते. एकही कमी नव्हता.