गच्च बसवलेल्या फळ्या

सुतारकीत माझ्या हातून जाणूनबुजून खराब केलेलं काम एकच आहे, आणि सगळ्यात जास्त वाखाणलं गेलं तेही तेच. एका जुन्या शिडाच्या होडीचा डेक.

जालन्यात होडी कुठून आली, असं ऐकणारे विचारतात. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत कुठून कुठून भंगार येतं. अशाच एका ट्रकवर बांधून ती आली. कारखान्याच्या शेठजींना ती जळणात घालवेना. परतूरकडे धरणाच्या पाण्याला लागून त्यांचं शेत होतं, तिथं ती सोडायची त्यांना हौस आली. होडीचं पोट धड होतं, पुढच्या भागावरच्या फळ्या, म्हणजे डेक, तेवढा सडला होता. तो नवा करायला त्यांनी होडी आमच्या काकांकडे पाठवली.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि माझे उस्ताद. त्यांच्या दोन फळ्यांच्या जोडातून केस जात नाही, अशी त्यांची ख्याती. आता नजर अधू झाली होती. काम त्यांच्या नावावर यायचं आणि मी करायचो.

काकांवरचा माझा राग जुना होता. मी वीस वर्षांचा असताना ताईच्या लग्नासाठी कपाट केलं, माझं एकट्याचं पहिलं काम. लाकूड काकांनीच दिलं होतं. मी म्हणालो होतो, "काका, हे अजून वाळलं न्हाई."

"तू मला शिकवू राह्यला का?"

वैशाखात ते लाकूड आक्रसलं आणि दारांच्या फळ्यांत फटी पडल्या. मांडवात, रुखवतापाशी पाहुणे जमलेले असताना काकांनी खिशातून लग्नपत्रिका काढली, दाराच्या फटीतून आत सरकवली आणि मोठ्यानं म्हणाले, "पोचली बरं का पत्रिका! आता उंदरांना वेगळं आवतण द्यायची गरज न्हाई."

सगळा मांडव हसला. मुलाकडच्यांनी ते कपाट नेलं नाही. ताईचं बाकीचं सामान टेम्पोत चढलं. निघताना ती कपाटावरून एकदा हात फिरवून गेली. पुढं आईनं त्यात गोवऱ्या ठेवल्या. लाकूड कच्चं होतं हे काकांना ठाऊक होतं, पण ते एकदाही बोलले नाहीत. मी त्यांच्याच हाताखाली राहिलो. सगळ्यांना वाटलं, पोरगं विसरलं.

होडीचा जुना डेक उचकटला, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. दर दोन फळ्यांत बोटाच्या पेराच्या निम्मी फट होती आणि तिच्यात काळं, कडक काहीतरी भरलेलं. शेठजींनी कोकणातल्या एका होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्याचा नंबर दिला होता. मी फोन लावला. तो म्हणाला, "फट सोडायचीच. तिच्यात कापसाचा पीळ ठोकायचा, वरून राळ ओतायची. पाण्यावर लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. गच्च बसवाल तर डेक उखडून वर येईल."

फोन ठेवला तेव्हा काका ओट्यावर चहा पीत होते. "काय म्हणला दर्यावाला?"

मला काहीच ठरवावं लागलं नाही. तोंडातून आलं, "गच्च बसवा म्हणला."

"हां! मंग? जोड तो जोड. पाण्यावर असो न्हाईतर घरात."

भर मे महिन्यात, लाकूड सुकून खडखडीत झालेलं असताना मी त्या फळ्या बसवल्या. एकेक फळी शिकंज्यात आवळायचो, मोगरीनं ठोकायचो, पितळी स्क्रू फिरवायचो. इतकं मन लावून मी आयुष्यात काम केलेलं नाही. प्रत्येक फळीला मला तो मांडव हसताना ऐकू यायचा, आणि मी शिकंजा आणखी एक फेरा आवळायचो.

शेवटच्या दिवशी काका आले. वाकून डेकवर बोटं फिरवली. मग खिशातून कुणाच्या तरी बारशाचं कार्ड काढलं आणि जोडाजोडांत सरकवून पाहिलं. एकाही जोडात ते गेलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "माझ्यापरीस बारीक काम केलं रे तू," म्हणाले. डोळे ओले झाले होते त्यांचे.

तेव्हा सांगता आलं असतं. फळ्या काढायला दोन दिवस लागले असते. पण त्या कार्डाकडे पाहिलं आणि मी हत्यारं आवरायला लागलो.

धरण भरल्यावर होडी पाण्यात गेली. पंधरा दिवसांनी शेठजींचं बोलावणं आलं, तसे मी आणि काका गेलो. डेक मधोमध फुगून वर आला होता, स्क्रू उपटले होते, एक फळी लांबीनं फाटली होती. शेठजींचे जावई पाहुण्यांना घेऊन काठावरच उभे होते. "मिस्त्री, होडी करायला दिल्ती का पापड तळायला?" ते म्हणाले, आणि सगळे हसले. अगदी मांडवातल्यासारखे. मी ते हसणं शेवटपर्यंत ऐकलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्यो गच्चच म्हणला व्हता ना?"

"हो."

ते शेठजींपुढं गेले. "शेठजी, पोराला बोलू नका. त्यानं बराबर केलं. मीच जास्त आवळायला लावलं."

माझ्या कपाटाच्या वेळी हे वाक्य त्यांना सुचलं नव्हतं. होडीच्या वेळी सुचलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

डेक मी पुन्हा केला, फटी सोडून, आपल्याकडच्याच कापसाचे पीळ ठोकून. अजून धड आहे. काका तो बघायला आले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी एकही काम घेतलेलं नाही. घरी आलेल्या माणसाला सांगतात, "आता माझा हात गेला."

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. म्हणाले, "त्या दर्यावाल्याचा नंबर हाय का रे तुझ्याकडं? एकदा इचारावं म्हणतो, मी नेमकं कुठं चुकलो."

मी म्हणालो, "मोबाइल बदलला काका. नंबर गेला."

मोबाइल तोच होता. वरच्या खिशातच होता, आणि नंबरही त्यात आहे.