बांध शोधायला गेले तेव्हा

ये गो पारू, अशी जवळ ये, बस. आधी ऐकून घे, मग तोंड वाकडं कर. तुझ्या सुनेने फोनवर सांगितलं मला सगळं. पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी घातलास, वर कुलूप लावलंस आणि किल्ली कमरेला. "मला भ्या वाटतं, मी नाय जात" म्हणालीस. धसईच्या बाजारात भल्याभल्या भाजीवाल्यांना गप्प बसवणारी बाई तू, आणि सख्ख्या बहिणीकडं यायला तुला भ्या वाटतं. लाज नाय वाटत?

आता तुला वाटेल, अक्का म्हणणार भिऊ नकोस. नाय म्हणणार. मी किती भ्याले होते ते सांगणार आहे. वीस वर्षं झाली, लेक सोडली तर मी हे कुणाला धड सांगितलं नाय. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती, म्हणून लिहिते.

मी निघाले तो दिवस तुला आठवत असेल. खर्डीच्या घरापुढं जीप उभी होती. मंगल, माझी लेक, तिकडं अमेरिकेत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. तिची ईशा तीन वर्षांची. पोरीला सांभाळायला कुणी नाय म्हणून मी चालले होते. यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली, मला तरी इथं कोण अडवणार होतं. तू नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीस, जीपच्या खिडकीत तोंड घातलंस आणि हळूच विचारलंस, "अक्का, तिथं पाणी जवळ हाय का गो?"

मी म्हटलं, "मंगल म्हणते, तळ्याच्या काठाला घर हाय."

तुझं तोंड उतरलं. माझंही उतरलं असणार. बाकीची माणसं म्हणाली, बघा, बहिणी बहिणी कशा रडतात. त्यांना काय ठाऊक, आपण कशाला रडत होतो.

हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. आमचं गाव धरणात गेलं. मला गावातच दिलेली, त्यामुळं माझं सासर आणि माहेर एकाच पाण्याखाली. निघालो त्या दिवशी आमच्या बानं घराच्या दाराची चौकट उपटून बैलगाडीत घातली. पारू सात वर्षांची, तिच्या काखेत कोंबडी. मंगल माझ्या ओटीत, तीन महिन्यांची. जो तो आपापलं घर उचलत होता. देवळातली घंटा कुणीतरी काढून आणेल असं सगळ्यांना वाटलं, म्हणून ती कुणीच आणली नाय. पाणी चढल्यावर आठवण झाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर यायचा, पण घंटा खालीच.

सरकारनं खर्डीला जागा दिली, ती धरणाच्या खालच्या अंगाला. म्हणजे वर पाणी, खाली आमी. बा दर वर्षी पावसाच्या आधी भाकरी बांधून चालत जायचा आणि सगळा बांध ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून यायचा. कुठं ओल आहे का, कुठं दगड सुटलाय का. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्याचं काम नव्हतं. पण तो म्हणायचा, "बांध बघितल्याबिगर पाण्याच्या खाली झोपायचं नाय." तो बघून आला की मग आमी झोपायचो. मंगलला यातलं आमी काय सांगितलं नाय. पोर पाण्याला भिऊ नये, एवढंच.

तर मी गेले. शिकागोच्या वर मिलवॉकी म्हणून शहर आहे, तिथं. जावईबापूंनी, सुधीररावांनी, विमानतळावरून गाडी तळ्याच्या काठानं आणली आणि म्हणाले, "आई, हे बघा आमचं तळं." मी बघितलं, पारू. त्याला पलीकडचा काठच नव्हता. लाटा येत होत्या. मी म्हटलं हा समुद्र आहे, जावईबापू मला फसवतायत. दुसऱ्या दिवशी काठाला जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. गोड निघालं.

समुद्र असता तर मी भ्याले नसते. समुद्राला कोण अडवतं, तो आपला आपण असतो. पण गोडं पाणी एवढं साचलंय म्हणजे कुणीतरी अडवलंय. अडवलंय म्हणजे कुठंतरी बांध आहे. आणि बांध आहे म्हणजे खाली कुणाचंतरी गाव आहे. मला तर दुसरं काय सुचलंच नाय. मंगलचं घर काठाला, सखल. वरच्या माळ्यावर मी झोपायची तिथल्या खिडकीतून बघितलं की पाणी रस्त्याच्या वर उभं राहिल्यासारखं दिसायचं. शेजारच्या खोलीत माझी लेक आणि नात झोपलेल्या. मला झोप कशी यावी? विचारायचीही सोय नव्हती. मंगल दमून यायची, तिला काय विचारू, ह्या पाण्याखाली कोणाची घरं आहेत म्हणून?

आता सायकल. तुला आठवतं ना, अंगणवाडीत मदतनीस होते तेव्हा चाळिशीला आले असताना मंगलच्या शाळेच्या सायकलवर शिकले. भात कापून झालेल्या खाचरात. तू कडेला बसून पोट धरून हसत होतीस. मग पाड्यापाड्यांवर खाऊची पोती त्याच सायकलवरून नेली. सुधीररावांना हे कळलं तर त्यांना कोण आनंद. त्यांनी मंगलच्या सायकलला मागं ईशाची सीट लावली, माझ्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना तर सकाळी अंबाडा खाली बांधायला लावला. लुगड्याच्या काष्ट्याखाली त्यांचीच जुनी विजार. रविवारी आमी सगळे निघायचो.

शहर बघायला छान, खोटं का बोलू. काठाकाठानं बागा. एक संपली की दुसरी, गवतावर बदकं आणि त्यांना कुणी हाकलत नाय. सायकलचा वेगळा रस्ता, त्याला ट्रेल म्हणतात. मागून येणारा ओरडतो, "ऑन युअर लेफ्ट." पहिल्यांदा मला वाटलं शिव्या देतोय, मी खाली उतरून हात जोडले. नदीच्या कडेला जुनी पेठ, पिवळट विटांची उंच गोदामं, भिंतीवर जुन्या कंपन्यांची पुसट नावं, आत आता कॉफीची दुकानं. पुढं पंख पसरल्यासारखी एक पांढरी इमारत. सुधीरराव गोदामांकडं बोट करून म्हणायचे, "आई, बघा, शंभर वर्षांपूर्वीचं." मी हो हो म्हणायची. मी त्यातलं काय बघत नव्हते. माझे डोळे बांध शोधत होते.

मे महिना होता. ऊन पडलेलं. मंगल आणि सुधीरराव कामाला. मी मनाशी ठरवलं, आज जायचं. पाणी उजव्या हाताला ठेवायचं, देवळाला प्रदक्षिणा घालतो तसं. तळं आहे म्हटल्यावर कुठंतरी बांध लागणारच, बांधावरून पलीकडं, आणि फिरून परत घरी. बा नाय का जायचा. संध्याकाळच्या आत येऊ. नाचणीची भाकरी, गूळ, ईशाची दुधाची बाटली घेतली आणि निघाले.

किती वेळ चालवली कुणास ठाऊक. नदीवरचा पूल, जुनी पेठ, पांढरी इमारत, बागा, वाळू, मग चढ. चढावर झाडांत एक जुना दीपस्तंभ. त्याच्याही पुढं गेले. उजव्या हाताला पाणीच पाणी. वळणच घेईना ते. ईशा माझ्या पाठीला डोकं टेकून झोपली. मला आता भ्या वाटायला लागलं, पण वाटलं पुढच्या वळणावर असेल.

एका धक्क्यावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मी सायकल उभी केली आणि त्याला मराठीतच विचारलं, "दादा, बांध कुठं हाय?" त्याला काय कळणार. मी धक्क्याकडेच्या वाळूत बोटानं गोल काढला, मधे पाणी दाखवलं, मग सायकलवर बोट ठेवून गोलाभोवती फिरवलं. तो हसला. म्हाताऱ्यानं काठी घेतली आणि वाळूत लांबच लांब काकडीसारखा आकार काढत गेला. चालत चालत काढत गेला गो, दहा पावलं. मग माझ्याकडं बघून एका बाजूला बारीकसा ठिपका ठेवला. तिथं आपण. मग हाताची बोटं मोजली, एक दोन तीन, दोन्ही हातांची संपली तरी मोजत राहिला. तितके दिवस. मग त्याला मागच्या सीटवर पोर दिसली आणि त्याचं हसू गेलं. त्यानं घाईघाईनं मी आले त्या बाजूला हात केला.

पाणी डाव्या हाताला घेऊन मी मागं फिरले. आणि पारू, पाण्यावरून धुकं आलं. तिथं तसंच येतं, उन्हात सुद्धा, घटकाभरात. आधी पाणी दिसेना, मग बाग, मग रस्ता. गारठा असा की ईशा जागी होऊन रडायला लागली. मी पदर सोडून तिला गुंडाळली, माझा स्वेटर तिच्यावर घातला. "आजी, मम्मा," एवढंच म्हणायची. मी सायकल ढकलत चालले. डाव्या हाताला लाटांचा आवाज येतो आहे तोवर आपण बरोबर आहोत, असं मोठ्यानं बोलत चालले, पोरीला धीर म्हणून. खरा मला.

जुन्या पेठेत आले तेव्हा लाटांचा आवाज थांबला. गोदामांच्या भिंती दोन्ही बाजूंना, माणूस नाय. आणि धुक्यातून घंटा वाजायला लागली.

आपल्या देवळातली घंटा. मला दुसरं काय वाटलंच नाय. वाजतच राहिली. आणि माझ्या डोळ्यांसमोर पुढचा रस्ता उभा राहायला लागला, गो. सडक वर उचलली गेली, आभाळाकडं. मी ईशाला काढून पोटाशी धरलं आणि सायकल टाकून खाली बसले. म्हटलं, आलं पाणी. आपण बांध बघितला नाय आणि आलं.

तो नदीवरचा पूल होता. होडी जायची असली की घंटा वाजवून पूल मधून उचलतात. आता मला ठाऊक आहे. होडी गेली, सडक खाली आली, घंटा थांबली. एका गाडीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, "ओके?" मी म्हटलं "ओके." आणि पुलाच्या पलीकडून धुक्यातून मंगल पळत येताना दिसली, हॉस्पिटलच्या पांढऱ्या कोटात, एका पायात बूट नाय. दुपारी घरी फोन केला तर कुणी उचलेना, म्हणून ती काठाकाठानं आमाला शोधत निघाली होती, हे मागनं कळलं.

तिनं ईशाला घेतलं. माझ्याकडं बघितलं नाय. तशीच घरी आली. ईशाला कोमट पाण्यानं आंघोळ घातली, झोपवलं, मग येऊन माझ्यापुढं उभी राहिली. "आई, मी तुझं तिकीट काढते. तू परत जा. मला हे जमणार नाही. मी कामावर कशी जाऊ? कोणाच्या भरवशावर?"

बरोबर होतं तिचं. मी मान खाली घातली.

"गेली कुठे होतीस एवढा वेळ?"

"बांध बघायला."

"कसला बांध?"

मग मी सांगितलं, पारू. बा काय म्हणायचा ते, चौकट, घंटा, कळस. तिला ओटीत घेऊन मी कशी निघाले ते. म्हटलं, तू आणि तुझी पोर पाण्याच्या खाली झोपता, मी बांध बघितल्याबिगर कशी झोपू? आणि विचारलं, "मंगल, ह्याच्या तळाला कुणाची गावं गेली गो?"

ती आधी माझ्याकडं बघतच राहिली. मग खाली जमिनीवर माझ्याशेजारी बसली. मग हळूहळू सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. की फार फार जुन्या काळी इथं बर्फाचे डोंगर होते. त्यांनी जमीन खरवडली आणि ते वितळले. त्याचं हे तळं. कुणी बांधलं नाही, कुणी अडवलं नाही.

"आणि खाली?"

"खाली कुणी नाय, आई."

माझी मंगल कॉलेजपासून शहरातल्यासारखं "नाही" म्हणते. त्या दिवशी "नाय" म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच झोपले, स्वयंपाक न करता. तिकिटाचं पुन्हा ती बोलली नाय. मीही विचारलं नाय.

पुढं ईशा मोठी झाली, वाचायला लागली. जुन्या पेठेतली एक पाटी तिनं मला वाचून दाखवली, की ह्या काठावर आधी दुसरी माणसं राहत होती आणि त्यांना इथून हलवलं. म्हणजे खाली नाय, पण काठाला होती. त्यांनी कुठली चौकट नेली असेल, कोंबडी कुणाच्या काखेत असेल, असं अजून मनात येतं. कुठंही गेलं तरी कुणीतरी उठून गेलेलंच असतं. आपणही गेलो, मी तर दोनदा. खर्डीच्या घराला बाची ती चौकट अजून आहे ना? तिला तेल लावत जा, आठवणीनं.

तर पेटी उघड आणि पासपोर्ट काढ. माझे गुडघे गेलेत, तुला सायकलवर नाय बसवणार. ईशा गाडी चालवते आता. तो म्हातारा आता नसेल, पण त्याचा धक्का तुला दाखवते, आणि पूल वर जाताना दाखवते, माझा हात धरून बघ. विमानात भ्या वाटलं तर वाटू दे. नाचणीचं पीठ तेवढं आण. आणि जीपच्या खिडकीत तुला कुणी विचारलं, तिथं पाणी जवळ हाय का, तर सांग, हाय, अगदी जवळ हाय, माझ्या अक्कानं बघून घेतलंय. लवकर ये गो.